जांभळ्या हत्तीची बाधा

छापखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारचा शिंपी कात्री हातात घेऊनच आला होता. समोरच्या न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून टाचा उंचावत होतं, आणि खुद्द न्हावी त्याच्याही पुढे घुसला होता. सगळ्यांच्या नजरा संगणकाच्या पडद्यावर खिळल्या होत्या. पडद्यावर होता एक निळाशार हत्ती.

“पाहा!” छायाबाबा गरजले. त्यांनी कळफलकावर काळं फडकं अंथरलं, त्याखाली दोन्ही हात घातले आणि डोळे मिटले. “ये छाये, बाहेर ये! रंगात लपतेस, अंगात लपतेस, आता कुठं लपतेस?”

आणि हत्ती जांभळा झाला, अगदी वांग्यासारखा! शिंप्याच्या तोंडून “अगं आई गं” निघालं. बाबांनी हुंकार भरला, “जा!” म्हणाले, आणि हत्ती पुन्हा निळाशार.

मी या छापखान्यातला मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे चमत्कार दिसला की आधी त्यातली चूक शोधायची, ही माझी खोड. पण ही चूक काही मला सापडेना.

झालं होतं ते असं. आमच्याकडे वर्षानुवर्षं काळी छपाई चाले, पावत्या आणि जाहिरातींची. यंदा मालकांनी रंगीत छपाईचं यंत्र आणलं. त्याच सुमारास मुलाचं लग्न झालं आणि सूनबाई घरात आली. संगणकाची आवड तिलाच, म्हणून ती खुर्ची तिला मिळाली. पण पडद्यावरचं झळाळतं निळं कागदावर जांभळं उतरू लागलं. गिऱ्हाईकं कुरकुरली, आणि मालकीणबाईंनी निदान केलं: पायगुण! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, पण बोलणी खावी लागली कावळ्याला. आता शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी मुलांसाठी काढलेल्या पुस्तकातला हत्तीही जांभळा आल्यावर मालकीणबाईंनी थेट बाधा उतरवणाऱ्या छायाबाबांनाच आणलं.

“छाया या खुर्चीवर बसणारीच्या नजरेत आहे,” बाबांनी निकाल दिला. “तिला यंत्रापासून कायमची लांब ठेवा. नाहीतर छापखाना बुडाला म्हणून समजा!”

कागदाच्या गठ्ठ्यांपाशी उभ्या सूनबाईचे डोळे भरून आले. या खुर्चीत बसली की तिचा चेहरा कसा खुलायचा, ते मी रोज पाहत होतो. मला बाबाचा मनस्वी राग आला, पण नुसत्या रागानं काही सिद्ध होत नाही.

“सूनबाई,” मालक खाली बघत म्हणाले, “उद्यापासून तू जरा...”

“थांबा मालक!” पुस्तकाची चौकशी करायला आलेल्या चित्रकलेच्या बाई गर्दीतून पुढे आल्या. “हत्ती माझा आहे. मलाही बोलू द्या. बाबा, छायेला परत बोलावता?”

“छाया म्हणजे काय तुमच्या वर्गातली पोर आहे, हजेरीला उभी राहायला?”

“आत्ता तर लगेच आली. की दमली?”

लोक हसले. बाबांना मागे हटता येईना. फडकं, हुंकार, आणि हत्ती जांभळा.

“आता चित्राबाहेरची ही वरची पट्टी बघा,” बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. “हीसुद्धा तशीच निळी होती, आणि अजूनही निळीच आहे. छायेनं हत्तीला धरलं, मग पट्टीला का सोडलं?”

“पट्टीला सोंड नाही म्हणून!” न्हावी म्हणाला आणि हशा पिकला.

हसण्याच्या गडबडीत बाईंनी फडक्यासकट कळफलक उचलून स्वतःच्या कडेवर घेतला. “हं, आता घालवा छायेला.”

“जा!” बाबा ओरडले. हत्ती जांभळाच. “जा म्हणतो ना!” हत्ती ढिम्म.

“सूनबाई, इकडे ये गं. या दोन कळा एकदम दाब.”

तिनं कळा दाबल्या. हत्ती निळा! पुन्हा दाबल्या, हत्ती जांभळा!

“बघ, छाया तुझ्या बोटांवर नाचते! अगं, छापल्यावर चित्र कसं दिसेल, ते आधीच दाखवायची ही सोय आहे. म्हणून फक्त चित्र बदलतं, पट्टी नाही.”

न्हावी मघापासून बाबांना निरखत होता. “अहो, हे तर माझ्या मेव्हण्याच्या फोटो स्टुडिओत संगणकावर कामाला होते! दाढीमुळे ओळखलं नाही.”

बाबांना तत्काळ मौनव्रत आठवलं आणि ते दरवाजाकडे सरकले.

“पण कागदावर जांभळं येतंच ना?” मालकीणबाईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

“येणारच,” बाई म्हणाल्या. “पडदा रंग दाखवतो प्रकाशानं. लाल, हिरवा, निळा. कागदात कुठला आलाय दिवा? तिथं शाया लागतात. आकाशी, किरमिजी, पिवळी, काळी. प्रकाशाला जमणारे काही झगझगीत रंग शाईला जमतच नाहीत. तुम्ही चित्र तसंच यंत्राकडे पाठवता. मग ते आपल्या मतीनं रूपांतर करतं आणि निळ्यात भसाभस किरमिजी ओततं, की झालं जांभळं. काळ्या छपाईत हा प्रश्नच आला नव्हता, म्हणून इथं कुणाला ठाऊक नाही.”

दोघी शेजारी बसल्या. चित्र आधी छपाईच्या रंगांत बदललं, मग सूनबाईनं किरमिजी हळूहळू कमी केली. यंत्र घरघरलं आणि कागद बाहेर आला. पडद्याइतका झळाळता नव्हता, पण हत्ती निळा होता!

मालकीणबाईंनी तो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. “म्हणजे मी हिला उगाच बोलत होते?”

“हो,” बाई म्हणाल्या.

मालकीणबाई खुर्चीपाशी आल्या. “माझं चुकलं गं, पोरी.”

“आई, जरा उजेडातून बाजूला होता?” सूनबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “पुढचं पान बघायचंय.” मला इतका आनंद झाला की मी खोकल्याचं निमित्त करून डोळे पुसले.

वाचकहो, यंत्र आणि सून एकदमच घरात आली. यंत्राला कुणी जाब विचारला नाही, सुनेला सगळ्यांनी विचारला. म्हणून हात जोडून सांगतो, काही बिघडलं तर बिघाड शोधा, माणूस शोधू नका. माणूस लगेच सापडतो, आणि बिघाड तसाच राहतो.