गवतात बांधलेले कप

म्हातारे गॅलार वारले आणि महिन्याभरात वाटण्या झाल्या. मुलींच्या काकांनी दिवाणखान्यात भावाचीच टोपी टेबलावर उलटी ठेवली, तीत तीन चिठ्ठ्या टाकल्या, आणि विधवा वहिनीने व दोन्ही मुलींनी एकेक उचलली. चिठ्ठीवर बैल, होड्या, पितळी भांडी आणि गुलाम, सगळं एकाखाली एक. वर्षानुवर्षं वसाहतीतल्या भातमळेवाल्यांच्या घरी असंच चाललेलं, कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. धाकट्या ज्युडिथच्या चिठ्ठीत बापाचा चिनी मातीचा चहाचा सेट आला आणि फिबा आली. फिबाची तेरा वर्षांची पोर जूबा मात्र थोरल्या मॅग्डलेनच्या चिठ्ठीत गेली.

फिबाने ज्युडिथला अंगावर पाजलं होतं. जिन्याखाली गाठून ती एवढंच म्हणाली, "धाकट्या बाई, माझी पोर..."

"मी बघते गं. ताईला समजावते. शब्द आहे माझा."

"तुमच्या शब्दावर आहे भरोसा. दूध माझंच आहे ना पोटात."

ज्युडिथने लगेच विषय काढला. "ताई, जूबा मला दे ना."

"का म्हणून? चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी! सेट तुझ्याकडे गेला तेव्हा मी नाक मुरडलं का?" मॅग्डलेन हसली. "बरं, रडवेली होऊ नकोस. सेट मला, जूबा तुला. उद्या सकाळी ओहोटी लागली की माझी होडी सुटणार. तोवर खाली धक्क्यावर येऊन हो म्हण. नाही आलीस तर मी समजेन, बाईसाहेबांना कप प्यारे!"

आई शिवणातून मान वर न करता म्हणाली, "उगाच उदार होऊ नकोस. लग्न ठरलंय तुझं. चार्ल्स टाउनची सासरची मंडळी आली की त्यांना काय लाकडी वाडग्यातून चहा पाजणार आहेस?"

झालं. ज्युडिथच्या डोक्यात ते वाडगं जे शिरलं ते निघेना. बारा कप, निळी वेलबुट्टी, एकालाही टवका नाही. सासू कप उलटा करून खालचा शिक्का बघेल, हेसुद्धा तिने मनात रंगवून ठेवलं होतं. काय म्हणावं अशा बाईला!

सकाळी ती वेळेवर उठली, हे मात्र खरं. झगा चढवला, आणि फिबाची वाट बघत बसली. चोळीच्या नाड्या पाठीवर, त्या रोज फिबाच आवळायची. आज फिबा आलीच नाही. खाली धक्क्यावर नावाडी वल्ही लावत होते. उघड्या पाठीने त्यांच्यापुढे कसं जायचं? चांगलं सबळ कारण होतं. खुर्चीवर शाल पडली होती. ती अंगावर घेऊन दोन मिनिटांत धक्का गाठता आला असता. ज्युडिथने शालीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. नावाड्यांनी गाणं धरलं, वल्ही पाण्यात पडली, आणि गाणं हळूहळू वळणाआड गेलं.

मग तिने शाल उचलली आणि खाली गेली. आता मात्र शालीने भागलं.

फिबा धक्क्याच्या पायरीवर बसली होती. पुढ्यात लाकडी पेटी, पेटीत वाळलेलं गवत.

"फिबा, खूप विनवलं गं मी ताईला," ज्युडिथ म्हणाली. "काही केल्या ऐकेना."

तोंडातून शब्द गेले आणि तिला पेटीतला निळा काठ दिसला.

"थोरल्या बाईंनी पहाटेच बोलावलं होतं मला," फिबा म्हणाली. आवाज रोजचाच. "म्हणाल्या, सेट बांधून ठेव. ज्युडिथ आली की पेटी होडीत आणि पोर होडीतून खाली. म्हणून वर येता आलं नाही, बाई. घाईत एखादा फुटला तर त्या मोडता घालतील, म्हणून एकेक सावकाश गुंडाळत बसले. जूबाने गवत आणून दिलं."

ज्युडिथच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तिला इतकी लाज वाटली की पाय उचलेना.

फिबाच उठली. "वळा. नाड्या सुटल्यात तुमच्या."

ज्युडिथ पाठ करून उभी राहिली. फिबाच्या बोटांना गवत चिकटलेलं होतं, ते पाठीला टोचत होतं. हिने आवळावं, श्वास कोंडेपर्यंत आवळावं, असं ज्युडिथला मनापासून वाटलं. फिबाने रोजच्याइतकंच आवळलं, गाठ मारली, शाल नीट केली.

"झालं, बाई," ती म्हणाली, आणि पायरीवर बसून पहिला कप गवतातून काढू लागली.