फुकटचं नको, चोरीचं चालेल

आमच्या कोपर भागातल्या लोकांना फुकटचं सगळं चालतं. भंडाऱ्याला तिसऱ्यांदा रांगेत उभे राहतील, भाजीवाल्याकडून कोथिंबीर हक्काने उचलतील. पण सॉफ्टवेअर फुकट आहे म्हटलं की हे नाकं मुरडतात. "मॅडम, हे असलीवालं नाही ना?"

मी मृणाल. आईच्या खोलीत बायकांसाठी कॉम्प्युटर क्लास चालवते. त्यासाठी आईने स्वतःची कॉट स्वयंपाकघरात नेली. दिवाळीपर्यंत क्लास भरला नाही तर तो बंद करून खोली भाड्याने द्यायची, असं आमचं ठरलं होतं. आणि क्लास काही भरत नव्हता, कारण मी लिबरऑफिस हे टायपिंग-हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवते, जे कोणीही एक पैसा न देता घेऊ शकतं.

गल्लीच्या तोंडाशी मितेशचा क्लास आहे. त्याच्याकडचं महागडं सॉफ्टवेअर कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून आलेलं. उघडलं की कोपऱ्यात लायसन्स नसल्याची लाल पट्टी येते, ती तो बोटाने झाकल्यासारखी पटकन बंद करतो. त्याला म्हणतो 'ओरिजिनल'. माझ्या बायका एकेक करून त्याच्याकडे गेल्या. अक्कल गहाण टाकलेली माणसं!

उरल्या त्यांत पोळीभाजीचं दुकान चालवणाऱ्या तुळसाताई. त्यांचे प्रश्न संपत नसत. "मॅडम, कोण बनवतं हे? त्यांना पगार कोण देतं? मग घर कसं चालतं त्यांचं?" मी एकदा वैतागून सांगितलं, की जगभरची माणसं मिळून बनवतात आणि वाटतात. त्या खूश झाल्या. "म्हणजे आमच्या गावच्या सप्त्यासारखं. कोण पीठ देतं, कोण लाटायला बसतं. बिल कुणी मागत नाही." घ्या, कॉम्प्युटर शिकवायला गेले तर बाई पोळ्यांवर आली. मी हसू दाबलं.

मग एक दिवस चित्राताई पर्स उचलून उठल्या. "हे फुकटचं शिकून मला नोकरी कोण देणार? मी चालले मितेशकडे."

माझं डोकं फिरलं. मी त्यांना बाजूला घेतलं. "चित्राताई, कुणाला बोलू नका हं. फुकटचं म्हणते ते वरवर. खरं तर परदेशातलं भारी सॉफ्टवेअर आहे हे, क्रॅक केलेलं, म्हणजे चोरीचं. पोलिसांना कळलं तर वाट लागेल माझी."

"अय्या! मग आधी नाही का सांगायचं?" त्यांचे डोळे चमकले.

चित्राताईंना 'कुणाला बोलू नका' म्हणणं म्हणजे भर नाक्यावर भोंगा लावणं. आठवडाभरात क्लास भरला. मितेशकडे गेलेल्या परत आल्या. तोच स्क्रीन, तीच बटणं, आणि आता म्हणे, "बघ ना, अक्षरं किती शार्प दिसतात!" या लोकांची मला शिसारी आली, आणि फी मी मुकाट्याने घेतली. आईने नवीन पडदे लावले.

त्यानंतर एका सकाळी तुळसाताई दारातच थांबल्या. चप्पल काढली नाही.

"मॅडम, माझं नाव काढा. चोरीचं आहे म्हणे ते. मला नको."

"अहो, नाही हो! मी सांगितलं होतं ना तुम्हाला, लोक मिळून बनवतात, वाटतात. तेच खरं आहे."

"मग आत सांगा ना सगळ्यांना."

आत एकही खुर्ची रिकामी नव्हती, फक्त त्यांची सोडून. चित्राताई मान उंच करून आमच्याकडे बघत होत्या. स्वयंपाकघरात कॉटवर बसून आई लसूण सोलत होती.

"सांगेन," मी म्हटलं. "नंतर सांगेन."

मी मितेशकडे जशी बघते, तशा तुळसाताई माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग जिना उतरून गेल्या.

त्यांची खुर्ची दुपारच्या आत भरली.