खिरीतलं वल्हं

मी वल्हं बोलतोय. होडीचं वल्हं, आणि तेही पोलंडचं. सध्या मुक्काम दारव्हा तालुक्यात, मथुराबाईंच्या दारावरच्या दोन खिळ्यांवर. इथून होडी चालवण्याजोगं पाणी किती लांब ते विचारू नका. मे महिन्यात आंघोळीचंही लांबच असतं.

आम्ही जुळे भाऊ, डावा आणि उजवा. मी डावा. एका म्हाताऱ्या सुताराने आम्हाला एकाच लाकडातून काढलं आणि झिगमुंट नावाच्या बेकरीवाल्याच्या पोराच्या हाती दिलं. पोरगं इतकं उंच की बेकरीच्या दारात रोज कपाळ आपटायचं. बापाने कंटाळून त्याला तळ्यावर पाठवलं.

होडीच्या शर्यतीत माणूस पाठमोरा बसतो. त्यामुळे ज्याला सगळे दिसतात तो पहिला आणि ज्याला कोणीच दिसत नाही तो शेवटचा. झिगमुंटला सात वर्षं सगळे दिसत होते. दोनदा तो देशात पहिला आला. मग ऑलिंपिकला कोण जाणार हे ठरवणारी शर्यत आली. शेवटचे दहा हात उरले असताना मी पाण्यात अडकलो. होडी थबकली, आणि सगळी शर्यतभर मागे दिसणारा माणूस शेजारून निघून गेला.

झिगमुंट मला एक शब्द बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढे आम्हा दोघांना घेऊन तो पुण्यात फौजेतल्या पोरांना शिकवायला आला. तिथे मथुराबाईंचा संघदीप भेटला. भरती होईपर्यंत या गड्याने विहिरीपलीकडे पाणी पाहिलं नव्हतं. त्याने पहिलं पदक मिळवलं तेव्हा झिगमुंटने मला त्याच्या हाती दिलं. फक्त मला. उजव्याला परत नेऊन आपल्या क्लबात काचेच्या कपाटात ठेवलं. संघदीपबरोबर इथे येताना शेअर जीपच्या टपावर सोयाबीनच्या कट्ट्यांशेजारी पडल्या पडल्या मी एकच विचार करत होतो : मला बक्षीस दिलं की हाकलून दिलं?

बुद्धपौर्णिमेला इथे विहारासमोर खीर शिजते. एका वर्षी आदल्या दिवशीच ढवळायचा दांडा मोडला. आचारी धम्मरत्न दारात आला.

"काकू, हे काढू काय?"

"काढ. संघदीपले सांगू नको."

मथुराबाईंनी माझं व्हार्निश खरवडलं, चिंचेने घासलं, आणि मी दुधात उतरलो. तेव्हापासून दरवर्षी उतरतो. खोटं कशाला बोलू, तळ्यापेक्षा ऊब बरी.

यंदा संघदीप रजेवर आला तो न सांगता, थेट पौर्णिमेला, सोबत झिगमुंट. म्हातारा उन्हाने बिटासारखा लाल झालेला. संघदीपने दारावर पाहिलं. नुसते खिळे.

"माय, वल्हं कुठी हाय?"

"खिरीत."

"खिरीत?"

"मंग? भिताडावर बसून काय करून राह्यलं होतं ते?"

संघदीपचं तोंड उतरलं. तोवर पाहुणा कढईपाशी पोचला होता. त्याने धम्मरत्नच्या हातून मला घेतलं. मुठीपाशी त्याच्या अंगठ्याने पाडलेली खाच अजून आहे, तिथे अंगठा बरोबर बसला. ढवळता ढवळता तो संघदीपला इंग्रजीत म्हणाला, "त्या दिवशी हे आपणहून अडकलं नाही. पोचलो का ते बघायला मीच मान वळवली आणि हात ढिला पडला. घरी याच्याकडे बघायची लाज वाटायची, म्हणून तुला दिलं."

इतकी वर्षं मी तो गुन्हा स्वतःचा समजत होतो. मला रडू आलं. खिरीत रडलेलं कोणाला कळतं म्हणा.

"परत न्या, सर," संघदीप म्हणाला. म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली आणि ढवळत राहिला.

धम्मरत्नला यातलं काही कळलं नव्हतं. "ते राहू दे," तो म्हणाला. "जोडीतलं दुसरं कुठी हाय ते विचार त्याईले. भाजीची कढई मी इतकुशा झाऱ्यानं ढवळून राह्यलो."

संघदीप हे पाहुण्याला सांगेना. मथुराबाईंनी त्याला कोपराने ढोसलं तेव्हा सांगितलं. झिगमुंट इतका हसला की दोन वेळा खीर उतू जायला आली.

परवा पोलंडहून लांबलचक खोकं आलं. आत उजवा, काचेतून थेट, चकचकीत. मथुराबाईंनी चिंच भिजत घातली आहे आणि आणखी दोन खिळे ठोकून घेतलेत. पुढच्या बुद्धपौर्णिमेला आलात तर वाटी घेऊन या, आणि त्याच्या व्हार्निशबद्दल काही बोलू नका; बिचारा आधीच धास्तावलाय.

रात्रभर विचारत होता, शर्यत किती मीटरची. मी म्हटलं, इथे पहिला-शेवटचा कोणी नसतो. बुडाला लागू द्यायचं नाही, एवढंच.