पांढऱ्या उंदरांची पंगत

१९८३ साली आमच्या नालवाडीच्या घरात साखरेला बंदी होती, आणि ती मीच घातली होती. बाबांना, म्हणजे निवृत्त हेडमास्तर बंडोपंतांना, मधुमेह निघाला आणि त्यांचं तोंड उतरलं ते उतरलंच. एक दिवस त्यांना विड्यात घालतात तो गुंजेचा पाला आठवला.

"साखर नाही, पण गोड तर आहे! टाक चहात."

"विड्यात दोन पानं वेगळी आणि रोज चहातून अर्क वेगळा, बाबा. गुंजेची बी विषारी असते. पाल्याचं आधी तपासू."

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिथं मांजरांचा सुळसुळाट, म्हणून पांढरे उंदीर घरीच आणले. दोन पिंजरे. उजव्या पिंजऱ्याला पाल्याचा अर्क घातलेल्या कणकेच्या गोळ्या, डाव्याला नुसत्या. बाकी सगळं सारखं. तीन महिन्यांनी उजवे डाव्यांइतकेच ठणठणीत निघाले, तर बाबांना गोड चहा. मी सकाळीच बाहेर पडायची आणि बाबा उंदरांना हात लावायला घाबरायचे, म्हणून खाऊ घालायचं काम आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मनकर्णाबाईंकडे दिलं. त्यांचा तर उंदरांवर जीवच जडला.

ते तीन महिने बाबांनी कसे काढले, विचारू नका! एखादा उंदीर शिंकला की यांना घाम फुटायचा.

अखेर वजनं झाली, रक्त तपासून आलं. दोन्ही पिंजऱ्यांत कशात म्हणून फरक नाही! मी मनकर्णाबाईंचे हात धरून स्वयंपाकघरात फुगडीच घातली. बाबांनी कोट चढवला आणि नालवाडीतले झाडून सगळे मधुमेही गोळा करून आणले. शेजारचे प्रभाकरराव तर घरून स्वतःचा कप घेऊन आले. चांगला तांब्याएवढा होता. पातेलंभर चहा उकळला, त्यात अर्क पडला, बाबांनी बशी ओठांशी नेली.

"सगळं श्रेय मनकर्णाबाईंचं," मी जाहीर केलं. "दोन्ही पिंजरे अगदी सारखे ठेवले!"

"सारखे तं राहतीनच ना, ताई," बाई लाजत म्हणाल्या. "गोड गोळ्या मी दोन्हीकडे अर्ध्या-अर्ध्या वाटत होती. एकाले गोड अन् दुसऱ्याले फिकं? असा पंक्तिभेद कोन करन? ते बिचारे टुकुटुकु पाहून राह्यले होते."

"बाबा, थांबा!" मी किंचाळले.

बशी जागच्या जागी थांबली.

"अहो, पण खाऊन सगळे धडधाकट आहेत की," प्रभाकरराव काकुळतीला आले.

"प्रत्येकाच्या पोटात अर्धाच अर्क गेलाय, आणि तुलना करायला एकही उंदीर उरला नाही!" मी ओरडले खरी, पण बाबांकडे बघवेना. माझ्याच हातानं दिलेला घास मी त्यांच्या ओठांवरून ओढून घेतला होता.

बाबांनी चहाकडे पाहिलं. मग बशी खाली ठेवली आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "दोन पेपर शब्दन् शब्द सारखे, म्हणजे कॉपी. परीक्षा रद्द!"

प्रभाकररावांच्या हातून कप काढून घ्यायला दोघं लागले.

नवे उंदीर आणले, तर मनकर्णाबाई अडून बसल्या. "मले नाई जमत हे पाप. तुमी दुसरी बाई पाहा." मी चिडले, समजावलं, हात जोडले. बाई ढिम्म.

तेव्हा बाबा फिका चहा घेऊन आले, स्टूल ओढलं आणि डाव्या पिंजऱ्याला खेटून बसले.

"मनकर्णाबाई, या पंगतीत मीही आहे. मलाही फिकंच वाढा. रोज येईन."

बाईंनी बाबांच्या फिक्या चहात वाकून पाहिलं. मग पदर खोचला. "गुरुजी संग बसत असन तं चालते."

त्यांनी नुसत्या गोळ्या डाव्या पिंजऱ्यात टाकल्या. "हं, करा सुरुवात," बाबा उंदरांना म्हणाले आणि त्यांच्याबरोबर पहिला घोट घेतला. मला हसूही आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही.