लांबचा उच्चार

सकाळ सरत आली तरी थायलंडमधल्या नान नदीवरचं धुकं विरायलाच तयार नव्हतं. टेसा लेकीला, पिमला, मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती आणि तिला राहून राहून वाटत होतं, पलीकडच्या काठावर अजून कालचाच दिवस आहे. तिच्या आईच्या गावात, अमेरिकेतल्या नेब्रास्कात, खरोखरच अजून मंगळवार संपला नव्हता. लोक अध्यक्षपदासाठी मतं देऊन घरी परतले होते, मोजणी चालली होती. इथला आजचा दिवस कसा जायचा ते तिथं कालमध्ये ठरत होतं.

तिनं आपलं मत टपालानं कधीच धाडलं होतं. आईनंही दिलं असणार, दुसऱ्या बाजूला. त्यावरूनच मागं फोनवर जुंपली होती आणि टेसाच्या तोंडून निघून गेलं होतं, "तुमचा माणूस निवडून आला ना आई, तर पिमला घेऊन आम्ही तिकडे पाऊल टाकणार नाही!" तेव्हापासून दोघी बोलायच्या त्या फक्त पोरीच्या खोकल्याबद्दल. पिम दोन वर्षांची झाली, पण आजीचा हात काही तिच्या अंगाला लागला नव्हता.

"परत फोनच बघत बसलीस?" शेजारच्या खाम्पेंगमावशीनं कुंपणावरून हटकलं. तिच्या हातात केळीच्या पानात बांधलेला चिकट भात वाफाळत होता. "डोळे बघ रडून कसे झालेत. एवढी आठवण येते तर सायकलवर टांग टाक नि जाऊन ये!"

"सायकलवर? मावशी, विमानानं दीड दिवस लागतो."

"मग आल्यापासून मला काय सांगतेस? माझं घर क्लाय, फार क्लाय!"

"तेच तर. लांब."

मावशी बघतच राहिली. मग कुंपणाला धरून अशी हसत सुटली की पिमही हसायला लागली. "अगं बाई! लांब म्हणायचं तर सपाट म्हणायचं, शेतासारखं. क्लाय. तू शेवटी आवाज खाली सोडतेस, क्लाऽय. ते जवळ झालं! मी आपली म्हणायची, ही गोरी मोठी नाटकी, घर इथं बाजूला नि रडते."

टेसालाही हसू आलं. दोन वर्षं बाजारात, दवाखान्यात, देवळात, सगळीकडे ती हेच सांगत फिरली होती. माझं घर जवळ आहे, फार जवळ. इतक्यांदा सांगितलं म्हणून आलं की काय ते जवळ? पलीकडचा काठ धुक्यात पुसला गेला होता. तिथं मक्याचं कापलेलं शेत असेल, पांढरं कोठार असेल, दारात आई असेल हात पुसत.

"लागला निकाल," मागून अनन म्हणाला. नवऱ्याचं तोंड बघूनच तिला कळलं. आईचा माणूस आला होता.

तिनं पिमला घट्ट धरलं. "मी आईला बोलून बसलेय."

"मी नाही काही ऐकलं," अनन म्हणाला. "त्या दिवशी लाइनीत फार खरखर होती. आईलाही नीट ऐकू गेलं नसेल."

तेवढ्यात फोनवर व्हिडिओ कॉल वाजला. आईच. आता ती काय ऐकवेल या धास्तीनं टेसाचा अंगठा क्षणभर हललाच नाही.

"आई, झोपली नाहीस?"

"कशी झोपू?" आईचा आवाज घोगरा होता. "जिंकलो म्हणून फोन नाही केला गं. मोजणी बघत बसले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपला माणूस हरला तर बरं. तू म्हणाली होतीस ना..."

पिमनं पुढं होऊन पडद्यावर तळहात ठेवला, आजीच्या बरोब्बर गालावर.

"नाताळला येतो आम्ही," टेसा म्हणाली. "पण मी भांडणार आहे तुझ्याशी. सोडणार नाही."

"भांड ना. समोर बसून भांड."

फोन ठेवला तरी पिमचा हात पडद्यावर तसाच होता. धुक्यातून आता काठाची नुसती रेघ दिसायला लागली होती.

"आई होती?" मावशी कुंपणापाशीच उभी होती. "सांग बघू आता, घर कसं आहे तुझं?"

टेसानं सपाट म्हणायचं ठरवलं होतं. पण शेवटी आवाज आपसूक खाली गेला.

मावशीनं भाताची पुडी तिच्या हातात ठेवली. "हं. आता बरोबर म्हणालीस."