चौदा तसाच राहिला

शनिवारी सकाळी अकरा वाजता जहाजबांधणी संस्थेच्या प्रवेशपरीक्षेचे गुण जाहीर झाले. सोबत उत्तरसूचीही आली. पाच मिनिटांत बिट्टीला कळलं की ती पात्रतेच्या रेषेच्या तीन गुण खाली आहे. ही परीक्षा शाळा संपते त्या वर्षी एकदाच देता येते. दुसरी संधी नसते.

आई पुढच्या खोलीत चाचणीचे पेपर तपासत बसली होती. त्याच खोलीत ती गणिताचे क्लास घेते: दोन लांब बाकं, एक पांढरा फळा आणि भिंतीला डोक्यांच्या तेलाचे डाग. बिट्टीनं लॅपटॉप आणून पेपरांच्या गठ्ठ्यावरच ठेवला.

"सत्ताविसावा बघ."

प्रश्न असा होता: x आणि y या वास्तव संख्या आहेत आणि x² + y² − 6x + 4y + 14 = 0, तर x + y किती? पर्याय चार: एक, पाच, उणे एक, यांपैकी नाही. सूचीत पहिला पर्याय बरोबर होता. बिट्टीनं चौथा लिहिला होता. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा.

"हे चुकलं? बिट्टे, हे तर मी क्लासमध्ये झोपेतसुद्धा शिकवते."

"म्हणूनच," बिट्टी म्हणाली.

"सहाचं अर्धं तीन, चाराचं अर्धं दोन, चिन्हं उलटी. तीन आणि उणे दोन. बेरीज एक. दहा सेकंदांचं काम."

"आणि शेवटचा आकडा?"

"तो बघायचा नसतो. तो जुळवूनच दिलेला असतो."

"जुळत नाहीये. कर तू."

आईनं चाचणीच्या एका पाठकोऱ्या पेपरवर मांडलं. (x − 3)² ला नऊ लागतात, (y + 2)² ला चार. तेरा झाले. प्रश्नात चौदा होते. म्हणजे दोन वर्ग आणि वर एक, यांची बेरीज शून्य. वर्ग शून्याच्या खाली जात नाही. दोन वर्गांची बेरीजही जात नाही. त्यात एक मिळवल्यावर शून्य येणं शक्यच नाही. असे x आणि y जगात नाहीत. तेरा असते तर गोष्ट वेगळी होती: ऋण नसलेल्या संख्यांची बेरीज शून्य असेल तर त्यातली प्रत्येक शून्य असावी लागते, आणि उत्तर झटकन हाती येतं. आई हे दरवर्षी एकाच वाक्यात सांगते: इथं कोणी कोणाचं भरून काढत नाही.

तिनं पुन्हा एकदा मांडलं. मग लाल पेनाला टोपण लावलं.

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. "छापलेलंच चुकलंय."

पाच गुणांचा फरक होता. वजा झालेला एक परत आला आणि चार मिळाले की बिट्टी रेषेच्या वर जात होती. आक्षेप घ्यायची मुदत रविवारी संध्याकाळी सहापर्यंत होती.

दुपारी आईनं क्लासच्या मुलांना फोन लावले. परीक्षा दिलेल्या सगळ्यांनी पहिला पर्याय लिहिला होता आणि सगळ्यांना चार गुण मिळाले होते. एक जण खुशीत म्हणाला, "बाई, तुमची ट्रिक चालली." आईनं त्याचं अभिनंदन केलं.

चार वाजता दोघी दादाकडे निघाल्या. दादा हा आईचा थोरला भाऊ. कॉलेजात गणित शिकवतो. संस्थेला पटेल अशा भाषेत आक्षेप लिहायचा तर तो त्यालाच जमला असता. तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या घरात खुर्च्यांवर पुस्तकं असतात, त्यामुळे आलेला माणूस आधी पुस्तकं उचलतो आणि मग बसतो. आईनं उचलली आणि प्रश्नाचा कागद त्याच्या हातात दिला.

दादानं चष्मा कपाळावर सारला आणि कागद डोळ्यांजवळ नेला.

"काय चुकलंय यात? शून्यच येतं. नऊ, चार आणि एक. चौदा."

"एक कोणाचा?" आईनं विचारलं.

"झेडचा. उणे दोन झेड आहे ना, त्याचं अर्धं..."

तो थांबला.

"मामा, यात झेड नाहीये," बिट्टी म्हणाली.

दादानं चष्मा खाली घेतला. ओळीखालून बोट फिरवलं, एकदा, मग उलटं. उठून आत गेला. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. बिट्टी आईकडे बघत होती. आईला कळून चुकलं होतं.

बाहेर आल्यावर त्यानं आधी जिन्याकडचं दार लावलं.

प्रश्न त्यानं काढला होता. मुळात त्यात तीन अज्ञातं होती: (x − 3)², (y + 2)² आणि (z − 1)². छाननीच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं की फार लांब होतंय, एक काढा. त्यानं तिथल्या तिथे z² खोडला, −2z खोडला. चौदा तसाच राहिला. पुढे दोघांनी प्रश्न तपासला, उत्तर सूचीशी ताडून पाहिलं आणि सह्या केल्या.

"तिघांनी पाहिलं," दादा म्हणाला. "तिघांनीही अर्धंच केलं."

"मीही तेच केलं," आई म्हणाली. "तू पेपर काढतोस हे बोलला नाहीस कधी."

"बोलायचं नसतं."

"आम्हाला नसतं. पण ही परीक्षेला बसतेय हे त्यांना सांगायचं असतं ना?"

"जवळचं कोणी परीक्षेला नाही असं लिहून दिलं तेव्हा ही बसणार नव्हती. औषधनिर्माणशास्त्र म्हणत होतात तुम्ही सगळे. हिनं बेत बदलला तोवर पेपर छापायला गेला होता."

"म्हणजे सांगायला वेळ होता."

"होता," दादा म्हणाला.

मग त्यानं नियम सांगितला, वर्गात सांगावा तसा, सरळ. जवळचा नातेवाईक परीक्षेला असेल आणि पेपर काढणाऱ्यानं ते कळवलं नसेल, तर चौकशी होईपर्यंत त्या विद्यार्थ्याचा निकाल रोखतात. चौकशीला दोन-तीन महिने जातात. प्रवेश पंधरवड्यात संपतात. आणि आक्षेप आला की पेपर काढणाऱ्याला बोलावतात, आक्षेप घेणाऱ्यांची नावं समोर ठेवतात आणि विचारतात, यातलं कोणी ओळखीचं आहे का.

"तू नाही म्हणशील," आई म्हणाली. ती विचारत होती की सांगत होती, ते तिच्या आवाजावरून कळलं नाही.

"एकदा म्हटलंय. तेव्हा ते खरं होतं."

"पण मामा," बिट्टी म्हणाली, "तू मला पेपर सांगितला असतास तर मी पहिला पर्याय नसता लिहिला? माझं चुकलंय, हाच पुरावा आहे की."

"सूचीप्रमाणे चुकलंय. आक्षेप मान्य झाला की तुझं बरोबर ठरेल. मग लोक म्हणतील, सगळ्या हुशारांना दिसलं नाही ते नेमकं हिलाच कसं दिसलं."

"कारण मी शेवटचा आकडा बघते."

दादा थोडा हसला. "तुझ्या आईच्या क्लासात बसली असतीस तर हा त्रास झाला नसता."

आईला हसू आलं नाही. तिनं पुस्तकं पुन्हा खुर्चीवर ठेवली आणि दोघी निघाल्या. आक्षेप कसा लिहायचा ते विचारायचं राहूनच गेलं.

बिट्टीचे बाबा रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करतात. रविवारी सकाळची पाळी करून ते घरी आले तेव्हा मायलेकी जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसल्या होत्या आणि मधे लॅपटॉप उघडा होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आमच्याकडे एक आकडा इकडचा तिकडे झाला तर पुन्हा सुई टोचतात," ते म्हणाले. "तुमच्याकडे दोघं सह्या करतात."

"अहो, चेष्टा नको."

"चेष्टा नाही करत. मी म्हणतो, थांबू या. एवढी मुलं बसली होती. दुसरं कोणीतरी करेलच आक्षेप. गुण मिळायचे ते सगळ्यांनाच मिळतील, आपलं नाव कुठे यायला नको."

"कोण करेल? पहिला पर्याय लिहिलेल्यांना गुण मिळालेत, ते कशाला तोंड उघडतील?"

"चौथा लिहिणारे असतील की."

"असतील. आणि तेही आत्ता असंच बसले असतील, दुसरं कोणीतरी करेल म्हणत."

"त्यांचा मामा पेपर काढत नाही," बाबा म्हणाले. "त्यांना थांबायचं कारण काय?"

आई उठली. तिनं टेबल पुसायला घेतलं. ते आधीच पुसलेलं होतं.

चारच्या सुमाराला दादाचा फोन आला. आईनं तो आवाज बाहेर येईल असा ठेवला.

"काय ठरलं?"

"नाही ठरलं अजून."

"मी सांगत नाही काही. पण थांबलात तर बरं. कोणीतरी करेलच. माझं विचारशील तर वीस वर्षं पेपर काढतोय, एवढ्या वर्षांत ही एक चूक. ते बघतील ना लोक. वीस वर्षं एका बाजूला आणि..."

कोणी कोणाचं भरून काढत नाही, हे क्लासमधलं वाक्य आईच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"दादा, प्रश्न वीस वर्षांचा नाहीये. हिच्या जागेचा आहे."

"मला कळतंय ते."

"मग बुधवारी म्हण, गुरुवारी म्हण, ते बोलावतील तेव्हा तू काय सांगणार, तेवढं सांग. खरं सांगितलंस तर हिचा निकाल रोखतील. नाही सांगितलंस आणि नंतर उघडकीला आलं तर मिळालेली जागाही जाईल. तुझं एकदा कळलं की आमचं आम्ही ठरवतो."

पलीकडे कोणीतरी खुर्ची सरकवली. "मला थोडा वेळ दे," दादा म्हणाला.

"सहापर्यंत आहे," आई म्हणाली. फोन ठेवला गेला.

बिट्टीनं तोवर स्पष्टीकरण टाइप केलं होतं. ते चार ओळींचं होतं. डावी बाजू (x − 3)² + (y + 2)² + 1 अशी लिहिता येते. पहिली दोन पदं ऋण होऊ शकत नाहीत. म्हणून डावी बाजू एकापेक्षा कमी होत नाही. म्हणून समीकरणाला वास्तव उकल नाही आणि चौथा पर्याय बरोबर आहे. आईनं वाचलं. एक स्वल्पविराम घातला, मग काढून टाकला.

साडेपाचला दादाला पुन्हा फोन लावला. त्यानं उचलला नाही.

पावणेसहाला बिट्टीनं आक्षेप पाठवायचं बटण दाबलं. संस्थेकडून खातरजमेचे सहा आकडे येतात, ते भरले तरच आक्षेप दाखल होतो. नोंदणीच्या वेळी नंबर आईचा दिला होता. आईचा फोन टेबलावर थरथरला.

"आई, वाच."

आईनं फोन उचलला आणि छातीशी धरला. बाबांनी बातम्यांचा आवाज बंद केला.

"बिट्टी, यादीतून नाव काढून टाकतील."

"यादीत नावच नाहीये."

"चौकशी लागली तर दुसरीकडेही विचारतील. औषधनिर्माणवालेसुद्धा."

"आई, माझं उत्तर बरोबर आहे की नाही?"

"आहे."

"मग वाच."

आईनं नवऱ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस? मी थांबा म्हटलं होतं." मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, "पण आकडे जुने होतील. वाचायचे तर वाच."

तिनं एकेक आकडा वाचला. आवाज क्लासमधल्यासारखा होता. बिट्टीनं भरले. पडद्यावर हिरवी पट्टी आली: आक्षेप दाखल झाला.

सोमवारी सकाळी संस्थेनं निवेदन काढलं. सत्ताविसाव्या प्रश्नावर चार आक्षेप आले होते. पहिला शनिवारी दुपारीच आला होता, म्हणजे त्या दोघी दादाच्या जिन्यात होत्या त्याच सुमाराला.

बाबांनी ते दोनदा वाचलं आणि डबा घेऊन कामावर गेले.

संध्याकाळी दादाचा फोन आला. बुधवारी साडेदहाला त्याला बोलावलं होतं. नावांचा कागद त्याला आधीच पाठवला होता.

"चार नावं आहेत. शेवटचं हिचं."

"काय सांगणार आहेस?"

"उद्या मला सकाळपासून तास आहेत," दादा म्हणाला. "मग बोलतो."

मंगळवारी तो बोलला नाही. बुधवारी बैठक ठरल्या वेळी सुरू झाली, एवढं संस्थेच्या चौकशीच्या नंबरवर कळलं. दुपारी दोन वाजले तरी दादाचा फोन बंदच होता. संस्थेच्या पानावर सत्ताविसाव्या प्रश्नापुढे 'विचाराधीन' असं लिहिलेलं आहे. बिट्टीच्या क्रमांकापुढे शनिवारचेच गुण आहेत.