लाल धाग्याचा टाका

तडतडीने आपलं कार्ड कटिंगच्या टेबलावर आपटलं, तशी राक्षस म्हणून मांडलेली बटणं उडाली आणि त्यातला सगळ्यात मोठा, कोटाच्या बटणाचा राक्षस घरंगळत शिलाई मशीनखाली गेला.

"टाका उसवा," ती म्हणाली. "नाहीतर मी आज फासा हातात घेणार नाही."

टेलरकाका उठले. वाकून त्यांनी आधी राक्षस शोधला, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली. दुकानाला सुट्टी असली की याच टेबलावर खेळ मांडला जायचा. काका गोष्ट सांगायचे, बाकीचे तिघं त्या गोष्टीतलं आपापलं पात्र चालवायचे, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. पात्राची ताकद, अक्कल, हत्यारं, सगळं कार्डावर पेन्सिलीने लिहिलेलं. ते वाढायचं, घटायचं, खोडलं जायचं. पण एकदा गेलं ते परत यायचं नाही असं काही घडलं, की काका सुई घ्यायचे आणि लाल धाग्याने कार्डावरच टाका घालायचे.

तडतडीच्या तिरंदाज बाईच्या कार्डावर तसा टाका होता. उजवा डोळा गेला. दर नेमाला चार वजा.

तो गेला कसा, याचंच सगळं भांडण. पेटी उघडली होती दादाने, म्हणजे तिच्या मोठ्या भावाच्या जादूगाराने. उघडू नको म्हणून ती ओरडली होती. पण या टेबलाची पद्धत अशी, की तळवा टेबलावर टेकवून बोललं तेवढंच पात्राचं बोलणं धरायचं. ती ओरडली तेव्हा तिचे दोन्ही हात डोक्यावर होते. म्हणजे जादूगाराला काही ऐकूच आलं नाही. पेटीतून अ‍ॅसिड उडालं, तिचा फासा वाईट पडला, आणि जादूगार बाजूला उभा राहून झगा झटकत बसला.

"झग्याला पण भोक पडलं होतं," दादा म्हणाला.

"झग्याला रफू होतं. डोळ्याला होतं का?"

दादाने मागेही सांगितलं होतं तेच परत सांगितलं. ते कार्ड टाक फाडून, नवीन पात्र बनव, दोन डोळ्यांचं, आहे काय त्यात. तो काही वाईट मनाने सांगत नव्हता, पण तडतडीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शाळा तिने मधेच सोडली होती. त्याआधी पोहणं, त्यानंतर पार्लरचा क्लास. घरात चमचा सापडला नाही तरी आई म्हणायची, हिनेच ठेवला असेल कुठेतरी अर्धवट. या तिरंदाज बाईला तिने पहिल्या दिवसापासून सांभाळलं होतं, अंधाऱ्या विहिरीतून काय, जळत्या पुलावरून काय. हिला ती टाकणार नव्हती. पण दर वेळी नेम चुकवत सगळ्यांच्या मागे फरफटतही जाणार नव्हती.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, घातलेला टाका उसवायचा नाही हा नियम सगळ्यांनी मिळून केलाय, मोडायचा तर सगळ्यांनी मिळून मोडू. एकाने जरी नाही म्हटलं तरी टाका राहील. आणि नियम गेला तर प्रत्येकाला आपला टाका काढून घेता येईल, एकट्या तडतडीला नाही.

हे ऐकून सगळ्यांनी मामाकडे पाहिलं.

मामा म्हणजे तिच्या आईचा भाऊ, बसवर कंडक्टर. दिवसभर पुढे सरका, आत चला करून घसा बसलेला असायचा, तरी इथे आल्यावर त्याची टकळी थांबायची नाही. मात्र तळवा टेबलावर टेकला की मामा मुका. त्याच्या गवयाचा आवाज एका चेटकिणीने नेला होता, तडतडी खेळायला यायच्याही आधी. त्या टाक्याचा लाल रंग आता उडून गुलाबी झाला होता. तेव्हापासून गवई बोटांनी बोलायचा, भुवयांनी बोलायचा, अगदीच अडलं तर टेबलावर टकटक करायचा. सगळ्यात जास्त नुकसान त्याचं. त्यामुळे मामा आपल्या बाजूचा, हे तडतडीने धरूनच ठेवलं होतं.

"पोरीचं बरोबर आहे," मामा म्हणाला. "चूक एकाची आणि डोळा दुसरीचा, हा कुठला न्याय? काढा टाका."

दादानेही हात वर केला, बटणांकडे बघत. काकांनी ब्लेडच्या टोकाने एकेक फेर उचलून टाका उसवला आणि धागा बोटाला गुंडाळला. कार्डावर बारीक भोकं राहिली. मग त्यांनी मामापुढे हात केला.

मामाने आपलं कार्ड उचलून शर्टाच्या खिशात ठेवलं.

"माझं राहू दे. तेवढाच घशाला आराम."

दादा हसला. तडतडीला हसू आलं नाही. ती त्या खिशाकडे बघत राहिली.

खेळ सुरू झाला. दादाचा जादूगार दरीवर दोराला लटकलेला होता आणि वर कोटाच्या बटणाचा राक्षस तोच दोर कापत होता. पहिली पाळी मामाची. गवयाने नुसती हाक मारली असती तरी राक्षस वळून बघणार होता, काकांनी तसं सरळ सांगूनच टाकलं.

"टाका आत्ता काढून देतो," ते म्हणाले. "मार हाक."

मामाने तळवा टेबलावर टेकवला. त्याने तोंड उघडलं नाही. तडतडीकडे बघून भुवया उडवल्या आणि दुसऱ्या हाताने आपला फासा तिच्यापुढे सरकवला. आपली पाळी सोबत्याला देता यायची. आजवर कुणी दिली नव्हती.

दोन नेम तुझे, काका तडतडीला म्हणाले, बारा पडले तरी लागला.

तिने पहिला फासा टाकला. तो इंचपट्टीला आपटला आणि तेरावर थांबला. दादा वाचलो म्हणत खुर्चीवरून उठलाच.

तडतडीने आपल्या कार्डाकडे पाहिलं. कार्डाच्या भोकांतून टेबलाचं लाकूड दिसत होतं. समोर मामा तसाच बसला होता, तळवा टेकवून, ओठ मिटून. त्याला आता कुणी गप्प बसवलं नव्हतं.

"चार वजा," ती म्हणाली. "नऊ. चुकला."

"अगं, काढलाय ना टाका," दादा म्हणाला. "मी लटकलोय इथे."

"माहितीय. खाली बस."

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. नक्की का, असं त्यांनी विचारलं नाही. बोटाचा लाल धागा सोडवला, टोक ओलं केलं आणि सुईत ओवायला लागले.

तडतडीने मामाचा फासा उचलला. मोकळ्या हाताचा तळवा टेबलावर घट्ट दाबला, सगळ्यांना दिसेल असा.

"जादूगारा," ती म्हणाली, "हलू नकोस."

दादा खुर्चीत खरंच थिजला.

मग तिने उजवा डोळा मिटला आणि फासा टाकला.